फ्लॉसीचा उपवास

नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून प्लासिड चिखलाच्या पायांनी फिरला आणि मधोमध उभा राहून वाट पाहू लागला. फ्लॉसीने वर पाहिलं, हसली, आणि फडकं घेऊन मुकाट्याने फरशी पुसू लागली.

"अगं बाय, काय तरी बोल ना!" प्लासिड रडवेला झाला.

तिने कपाळावर बोटाने क्रूस काढून दाखवला. म्हणजे, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे.

गाण्यांच्या चाली बांधणाऱ्यांना कुणाला पेटी लागते, कुणाला बंद खोली. सांडोरच्या प्लासिडला दोनच गोष्टी लागत: केळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात सोडलेले पाय आणि ओट्यावरून येणारी बायकोची, फ्लॉसीची बोलणी. ती बोलणी साधीसुधी नव्हती. खालच्या सुरात सुरू होत, सासरच्या तीन पिढ्या ओलांडत वर चढत आणि "माजंच नशीब फुटकं!" म्हणून अचूक समेवर येत. फ्लॉसी तापली की केळफूल आठवडाभर आधी बाहेर पडतं, असं होळी नावाच्या बाजारात म्हणत. खोटं वाटत असेल तर केळीला विचारा. गावातली निम्मी लग्नाची गाणी आणि ईस्टरचं दरवर्षीचं नवं गाणं याच बोलण्यांतून निघालेलं.

यंदा जानेवारीत प्लासिडच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी फ्लॉसीला बजावलं, "घरात शांतता ठेवा." उपवासकाळात कुणी मटण सोडतं, कुणी दारू. फ्लॉसीने नवऱ्याला बोलणं सोडलं. बोलणी वगळून नवऱ्याशी कसं बोलायचं हे तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून अवाक्षरही बंद.

घर इतकं शांत झालं, की केळीच्या पानावरून ऊन घसरलं तरी ऐकू येई. त्या शांततेत प्लासिडला एक सूर सुचेना.

चर्चमध्ये गाणाऱ्या कॉयरचा फ्रेडरिक येऊन गेला. "अंकल, ईस्टरचं गानं नाय जमलं तर राहू द्या. पोरांकडे कीबोर्डवर तयार ट्यून हाय. तुमी यंदा आराम करा."

आराम! छातीतल्या कळेपेक्षा हा शब्द जास्त दुखला.

"फ्लॉसी," संध्याकाळी तो म्हणाला, "कोन जाने, माजं शेवटचं गानं असंल. शिव्या नको घालू. नुसती कुरकुर कर."

तिने त्याच्या सदऱ्यावर, छातीपाशी, तळहात ठेवला आणि मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाटात पाय सोडून बसला असताना ती आली. समोर रिकामी पाटी पालथी घालून बसली. पदर खोचला. आणि तोंड उघडलं.

आवाज नाही. नुसते ओठ हलत होते. हात वर जात होता, बोट कुंपणाकडे, बोट आभाळाकडे. पाटाचं पाणी वाहायचं थांबून ऐकू लागलं म्हणतात. हिरवा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत होता आणि प्लासिडला सगळं कळत होतं. ही सासू. हा मुंबईचा दीर. हे न दुरुस्त केलेलं छप्पर. त्याच्या ओठांवर सूर येऊ लागले. मग एका ठिकाणी, दोन बोलण्यांच्या मध्ये, तिचा खालचा ओठ जरासा थरथरला. इतकी वर्षं तो थरकाप आवाजाखाली झाकलेला असावा. तिथे प्लासिडने चाल थांबवली. बराच वेळ थांबवली.

ईस्टरला कॉयरने ते गाणं म्हटलं. त्या जागी सगळे थांबले तेव्हा चर्चमधली कबुतरं उडता उडता हवेतच थबकली, असं फ्रेडरिक सांगतो. एरवी तो पोरगा खोटं बोलत नाही.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर दारात त्याने फ्लॉसीला गाठलं. "आंटी, सुटला तुमचा उपवास! घाला आता अंकलला चार शिव्या. पुढच्या वर्षाची सोय होईल."

आजूबाजूचे हसले. प्लासिड कान टवकारून उभा राहिला.

फ्लॉसीने तोंड उघडलं. मग मिटलं. प्लासिडच्या नव्या शर्टाचं वरचं बटण सुटलं होतं. छातीपाशी तळहात ठेवून ते लावायला तिला फार वेळ लागला.