फुलटोच्यापुढचं शून्य

"लिही, फुलटोच्या शून्य," भाऊजी म्हणाले. मी पेन्सिल कागदाला टेकवली आणि थांबलो, कारण डोक्यावर मघापासून काहीतरी टिकटिकत होतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाण्याच्या टाकीवर पंप चालवण्यात त्यांचा जन्म गेला. पंप धडधडत असताना झाडावर कोण बोलतंय ते हे गृहस्थ बसल्या जागी सांगायचे. पक्षिमित्र मंडळाची वार्षिक मोजणी तीस वर्षं त्यांच्याच कानांवर चालली होती. दुर्बीणवाल्यांना ते हिंग लावून विचारत नसत. माझ्या गळ्यातली उसनी दुर्बीण बघून सकाळीच दोन टोमणे मारून झाले होते.

फुलटोच्या म्हणजे अंगठ्याएवढा, मातकट पक्षी. पानाआड दिसायचा नाही, म्हणून ऐकूनच मोजायचा. गेली तीन वर्षं भाऊजींनी त्याच्यापुढे शून्य मांडलं होतं. आज चौथं मांडलं की मंडळ त्याचं नाव यादीतून काढणार होतं. मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. भाऊजींचा गुडघा धरतो म्हणून ताईनं मला बरोबर पिटाळलं होतं.

मी म्हटलं, जरा वर बघा. त्यांनी कुरकुरत दुर्बीण घेतली. बांडगुळाच्या टोकाला तो बसला होता. भाऊजी बराच वेळ बघत राहिले.

"चोच हलतेय त्याची," ते म्हणाले. "बोलतोय का?"

"मघापासून."

"मोठ्यानं?"

"चांगलंच."

आता माझ्यावरच उखडतील, असं मला वाटलं. स्वतःची चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही, ताईला विचारा. पण त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि कागद तळहातावर धरून सावकाश लिहिलं. फुलटोच्या, एक. मागची तीन शून्यं खोडावीत. पक्षी होता, मोजणाऱ्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. पुढच्या वर्षी दुसरा माणूस नेमावा. खाली नेहमीची लफ्फेदार सही केली आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पक्षी बांडगुळात शिरला. भाऊजींनी दुर्बीण खाली केली आणि मान तिरकी करून उभे राहिले.

"अजून बोलतोय?" त्यांनी विचारलं.

तो पलीकडच्या बाजूनं केव्हाच उडून गेला होता. मी त्याला जाताना पाहिलं होतं.

"बोलतोय," मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले. मीही घाई केली नाही.