जांभळ्या यंत्राची खंडेनवमी

खंडेनवमीला यंत्राची पूजा चुकवायची नाही, असं सुरेखाताईंनी पुण्याहून फोनवर बजावलं होतं. पण त्यांच्या लेकीचं, शिवांगीचं यंत्र होतं स्टुटगार्टच्या प्रयोगशाळेत. रंगाच्या कारखान्यातून सुटणारी विषारी वाफ काचेच्या नळीत ओढायची, तिथे विजेच्या जांभळ्या प्लाझ्मानं तिचे तुकडे पाडायचे, हे त्याचं काम. आज प्रोफेसर क्रेमर ते पाहणार होते. जमलं तर संशोधनाला आणखी एक वर्ष, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

"आई, उच्च दाबाची वीज आहे, ओलं कुंकू कसं लावू?"

"टेबलाला लाव की! आणि उदबत्ती लाव."

शिवांगीनं लावली. तेवढ्यात बाहेर बूट वाजले आणि बाईसाहेबांनी घाबरून जळती उदबत्ती टेबलाखाली सारली. नेमकी हवा ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी! अक्कल अशा वेळी रजेवर जाते.

"आल्झो, चला, सुरू करा," क्रेमर म्हणाले.

विषारी वाफ सोडली, प्लाझ्मा पेटला. आत येणाऱ्या हवेतल्या घाणीची रेघ पडद्यावर सरसर चढली आणि चढतच राहिली. मागोमाग बाहेर पडणाऱ्या हवेची रेघही डोकं वर काढू लागली. शिवांगीला चंदनाचा वास आला. उदबत्ती पाइपच्या तोंडाशीच होती!

"थांबवायचं?" क्रेमरनी विचारलं.

"नाइन! नाही!" ती ओरडली आणि तिनं विजेचा दाब वाढवला. नळी लखलखली. बाहेरची रेघ डगमगली, कलली, आणि धाडकन तळाला जाऊन झोपली. आतली मात्र अजून आभाळात होती!

क्रेमर वाकले. टेबलाखालून त्यांनी उदबत्ती काढली. शिवांगीनं चाचरत सगळं सांगून टाकलं.

"कारखान्यात शुद्ध वाफ कधी येते का?" ते म्हणाले. "भेसळ घालून बघा म्हणून मी वर्षभर ओरडतोय. शेवटी तुमच्या आईंनी घातली. गेनाऊ! अगदी हेच हवं होतं. एक वर्ष मंजूर. पण जळतं काही पुन्हा इथं आणलंत, तर मीच तुम्हाला हाकलीन."

ते गेल्यावर शिवांगीनं खुर्चीसकट गिरकी घेतली आणि घरी फोन लावला. हसून हसून तिला बोलता येईना.

"आई, वर्ष मिळालं! पण तुझ्या उदबत्तीचा सगळा धूर यंत्रानं खाऊन टाकला गं!"

"अगं वेडे," सुरेखाताई शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं पूजा करतेय, देवानं खरंच काही खाल्लेलं आज पहिल्यांदा ऐकलं."