शून्य मृत्यूंचं गाव

"आला वापस," रुख्मा म्हणाली आणि खुर्चीसकट मागं सरकली.

पलीकडच्या टेबलावरचा खुमेंद्र उठून आला. संगणकाच्या पडद्यावर गावांचा तक्ता होता. डावीकडे गावांची नावं आणि पुढं गेल्या पाच वर्षांतले जन्म नि मृत्यू. सगळ्यात वर बेहडझरी. जन्म शून्य, मृत्यू शून्य.

"तुनं काढला होता न हा गाव?"

"सकाळपासून काढूनच तर राहिली."

"ये तो पक्का भूत है!" खुमेंद्र हसला. "तुझाच गाव होय न? तुले सोडून नाई राहिला."

रुख्माला हसू आलं नाही. बेहडझरी खरंच तिचं गाव. जंगल वाघांसाठी राखीव झालं आणि गेल्या वर्षी, म्हणजे २०१३ साली, गाव उठलं. लोक मोबदला घेऊन पांगले, कोणी गोरेगावकडे, कोणी कामठ्याला. रुख्मा आईला घेऊन गोंदियालगत कुडव्यात भाड्याच्या खोलीत आली आणि गोंदियातल्या एका आरोग्यसंस्थेत तिला काम मिळालं. संस्थेच्या सेविका गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणायच्या आणि रुख्मानं त्यांचे तक्ते करायचे. तक्ते करायला 'आर' नावाची सांख्यिकीची संगणकभाषा होती. नाव एका अक्षराचं आणि नखरे नव्या नवरीचे.

संस्थेचे प्रमुख भोजराज सर सांगून गेले होते, "उठलेली गावं तक्त्यात नकोत. मूळ फाईलला हात लावू नको, प्रोग्रॅममध्येच वगळ." रुख्मानं तशी एक ओळ लिहिली की बेहडझरीच्या नोंदी सोडून बाकीच्या घे. त्या नोंदींत तिच्या बाबांचीही एक होती. मनिराम वरखडे, ताप. ती ओळ चालवताना तिचं बोट अडखळलं, खोटं कशाला बोला. पण नोकरी म्हटली की बोट चालवावंच लागतं.

नोंदी गेल्या. शोधून पाहिलं तर एकही सापडेना. तरी तक्ता मागितला की गाव हजर! ज्या गावात मृत्यू कमी ते वर, असा क्रम होता. बाकी प्रत्येक गावात पाच वर्षांत कोणी ना कोणी गेलेलंच, म्हणून बेहडझरी पहिली. रुख्मानं संगणक बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. घरं पाडलेली, विहीर बुजवलेली, माणूस औषधाला नाही, आणि नाव आपलं पहिल्या नंबरावर ऐटीत बसलेलं. जिथं कोणी जन्मत नाही आणि कोणी मरत नाही ते गाव कसं दिसत असेल, असं तिच्या मनात आलं आणि भर दुपारी अंगावर काटा उभा राहिला.

जेवायला ती स्कूटीनं घरी गेली. मंदाबाई, तिची आई, दारात अंबाडीची भाजी निवडत होती. रुख्मानं जेवता जेवता सगळं सांगितलं.

"कोनीच मेला नाई म्हनते का तो कंपुटर?" मंदाबाईनं विचारलं.

"तसाच म्हनते."

"मंग तुझा बापई नाई मेला."

मंदाबाई हे अगदी सहज बोलली, मिठाचा डबा कुठं आहे ते सांगावं तसं. रुख्माचा घास हातातच राहिला.

"तो तिथंच असन," मंदाबाई म्हणाली. "गाव उठवताना जित्या मानसायची नावं लिवली. मेलेल्यायले कोनी सांगतलं का गाव उठला मनून? ते सारे तिथंच बसले असतीन वाट पाहात. राहू दे वो तो नाव. नाव असन त त्यायले घर असन."

रुख्मानं ताट सारलं आणि स्कूटी काढली. परत जाताना तिला सारखं वाटत राहिलं की स्कूटीच्या मागच्या सीटवर वजन आहे. मागं वळून बघायची काही तिची छाती झाली नाही.

खुमेंद्रनं तोवर इंटरनेटवर शोधाशोध केली होती. "भूत नाई वो, याददाश्त होय," तो म्हणाला. "फाईल वाचल्याबरोबर हा सगळ्या गावाइची नावं ध्यानात धरून ठेवते. मंग तू ओळी काढल्या तरी नाव नाई सोडत. मानसं गेली, पाटी राहिली. त्याले सांगा लागते, रिकामी नावं टाकून दे मनून. एक हुकूम आहे, ड्रॉपलेव्हल्स. बस, खतम."

कारण कळल्यावर भीती जायला हवी होती. ती गेली नाही, वर तिला रडू यायला लागलं.

तेवढ्यात भोजराज सर आले. त्यांच्या हातात सकाळचाच छापील तक्ता होता. "रुख्मा, ही बेहडझरी कोणत्या सेविकेकडे? शून्य मृत्यू! उद्याच्या सभेत पहिलं नाव हेच घेतो."

"सर, तो उठलेला गाव होय. चुकून राहिला."

"असं होय?" सरांनी कागद खालीवर पाहिला. "मग राहू दे ना. उठायच्या आधी तरी निरोगी होतं, असं म्हणू. शोभून दिसतं."

आईलाही हेच हवं होतं. रुख्मानं नुसतं 'हो सर' म्हटलं असतं तर गाव उद्या माईकवरून गाजलं असतं.

"मेले होते, सर," ती म्हणाली. "माझे बाबा मेले. नाल्याले पूर होता. खाटेवर टाकून दवाखान्यात नेत होते, पानी उतराची वाट पाहात काठावरच जीव गेला. त्या नोंदी वापस घालू का? शून्य नव्हतं तिथं."

सरांनी हातातल्या कागदाची घडी केली. माणूस वाईट नव्हता. "गावच नाही तर मृत्यू कोणत्या गावात दाखवू, बेटा?" ते हळूच म्हणाले. "एक तर शून्य, नाही तर काहीच नाही. तूच ठरव."

ते गेल्यावर रुख्मा पडद्याकडे बघत बसली. नाव ठेवलं तर बाबा मेलेच नाहीत. मग ती खाट कोणी उचललीच नाही, पूर आला नाही आणि चार माणसं भर पावसात काठावर उभी राहिली नाहीत. आपल्या बाबांचं मरण कोणाच्या टाळ्यांसाठी पुसू द्यायचं तिच्या जिवावर आलं. तिनं हुकूम लिहिला आणि बटण दाबलं. सगळी गावं एकेक ओळ वर सरकली.

संध्याकाळी मंदाबाई दारातच उभी होती. "राहिला का नाव?"

"नाई माय. काढला. मीच काढला."

मंदाबाईनं कारण विचारलं नाही. तिनं पेटवायला घेतलेली चूल तशीच सोडली, अंगणातून बादली भरून आणली आणि न्हाणीत नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं, मयतीहून आल्यावर घेतात तसं. मग निथळत बाहेर आली आणि दुसरी बादली भरून रुख्मासमोर ठेवली.