आतड्यातले सोयरे

सावळीरामांनी डॉक्टरबाईंच्या हातातला रिपोर्ट ओढून घेतला आणि मुलासमोर, हर्षलसमोर धरला.

“बघ तूच. यांच्या लॅबचं काहीतरी चुकलंय.”

हर्षलने वाचून मान हलवली. घरातलं एकच माणूस चालणार होतं. त्याची बायको, अंजली.

सावळीरामांचं इंदिरानगरात मेडिकल होतं. घरात कुणी शिंकलं की ते दुकानातून अँटिबायोटिकची पट्टी आणत; स्वतःही खात. त्यात त्यांच्या आतड्यातले चांगले जिवाणू मेले, एक चिवट जंतू माजला आणि जुलाब थांबेनात. आता निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू त्यांच्या आतड्यात सोडायचे होते. बायको, मुलगा, मुलगी, सगळे बाद झाले. सगळ्यांनी त्याच पट्ट्या खाल्ल्या होत्या.

अंजलीला मात्र त्यांनी तापातही कधी गोळी दिली नव्हती. बौद्ध घरातली सून. तिच्या हातचा चहाही ते घेत नसत. तीही काही मागत नसे. पेज पिऊन पडून राही.

“बाहेरचं कुणी बघा ना, मॅडम,” सावळीराम म्हणाले.

“तपासण्यांत वेळ जाईल. तुमच्याकडे तेवढा नाही.”

“बरं, हे जिवाणू काम झालं की निघून जातात ना?”

“गेले तर उपयोग काय? ते तिथंच राहायला हवेत. कुणाशी लढायचं आणि कुणाला राहू द्यायचं, हे आतड्याचं अस्तर त्यांच्याकडूनच शिकतं.”

“म्हणजे कायमचे?”

“नशीब असेल तर.”

सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची किळस अंजलीच्या ओळखीची होती. इतकी घाबरलेली किळस मात्र ती पहिल्यांदाच बघत होती. तिने सावकाश, पोटभर बघून घेतलं.

“विचार तिला, देते का,” सावळीराम हर्षलला म्हणाले.

“अण्णा, ती इथंच बसलीय.”

“देते की,” अंजली म्हणाली. “नाहीतरी फ्लशच करते मी ते.”

हर्षलला ठसका लागला. सावळीरामांनी आवाज खाली आणला.

“पण गावाकडं, चांदवडला कळता कामा नये. भाऊबंद माझ्या पंगतीला बसायचे नाहीत.”

“नाही कळणार, अण्णा.” अंजलीने टेबलावरची रिकामी डबी उचलली. “मीही माहेरी सांगणार नाहीये. कुणाला दिलं ते कळलं, तर मलाच बोलतील.”

ती दार लोटून बाहेर गेली. डॉक्टरबाईंनी घाईघाईने रिपोर्ट पुन्हा वाचायला घेतला.

“तिला का बोलतील?” सावळीरामांनी विचारलं.

हर्षलने अंजलीची खुर्चीवर राहिलेली पर्स मांडीवर घेतली.

“अरे, सांग ना. का बोलतील?”