सहावीचे डावे हात

शैलाबाईंच्या वर्गात पाहुणे आले की सगळेच्या सगळे हात वर जात. बघणारा थक्क होई. आणि बाई ज्याला उठवतील त्याचं उत्तर बरोबर. पळसदरीच्या अलीकडच्या त्या शाळेत ही करामत सव्वीस वर्षं चालली होती. युक्ती साधी होती. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाई फक्त उजव्यांना उठवणार. वर्गात एखादा डावखुरा असला तर त्याला तेवढं दोनदा समजवावं लागे.

युक्ती बाईंची स्वतःची. नोकरीच्या पहिल्या वर्षी तपासणीच्या धास्तीने सुचली. पुढे धास्ती गेली, युक्ती राहिली. कुणाची चारचौघांत फजिती होत नाही, एवढं त्यातलं पुण्य बाई स्वतःला अधूनमधून सांगत.

यंदा तालुक्याने मूल्यशिक्षणाची स्पर्धा ठेवली. समिती येणार, एक तास वर्गात बसणार आणि मुलांमध्ये प्रामाणिकपणा, धीटपणा वगैरे किती मुरलंय त्याला दहापैकी गुण देणार. लोणचंसुद्धा एका तासात मुरलंय की नाही कळत नाही, पण समितीला कळणार होतं. मुख्याध्यापक भोईर सर वयाने बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान आणि उत्साहाने पंचवीस. त्यांनी भिंतीवर ‘सत्य’, ‘श्रमप्रतिष्ठा’ असं ठळक रंगवून घेतलं आणि पाठासाठी शैलाबाईंचा सहावीचा वर्ग निवडला. गणितच घ्या म्हणाले. हात वर केलेली मुलं फोटोत छान दिसतात.

सोमवारी तालीम झाली. बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला: दोन तृतीयांश मोठा की तीन चतुर्थांश? एक्केचाळीस मुलांचे चाळीस हात वर गेले. तिसऱ्या बाकावरची तय्यबा मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती. नाक्यावर बेकरी चालवणाऱ्या मकसूदभाईंची ही मुलगी जूनमध्येच खोपोलीच्या शाळेतून इथे आली होती. तिला रीत माहीत नसेल म्हणून बाईंनी पुन्हा सगळं समजावलं.

“समजलं, बाई,” तय्यबा म्हणाली. “पण मला उत्तर येत नाय. मग हात कशाला वर करू?”

“डावा कर गं. डावा म्हणजे येत नाही, असंच आपलं ठरलंय.”

“ते तुमाला ठाऊक. पावन्यांना कुठं ठाऊक हाय?”

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्यांचं हसू जरा उशिरा आलं.

दारात उभ्या भोईर सरांनी हे ऐकलं होतं. बाईंना ऑफिसात बोलावून त्यांनी फार गोड शब्दांत सुचवलं की त्या दिवसापुरती मुलगी घरीच राहिलेली बरी. मकसूदभाई सज्जन आहेत, आपण स्वतः फोन करतो. एका दिवसाचा तर प्रश्न. बाई म्हणाल्या, “बघते.” नाही म्हणाल्या नाहीत. ते ‘बघते’ चपलेतल्या खड्यासारखं त्यांना पुढचे तीन दिवस टोचत राहिलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई रिक्षाची वाट बघत असताना गजाने टेंपो थांबवला. हा बाईंचा जुना विद्यार्थी, आता ग्रामपंचायतीचा सदस्य. कर्जतलाच निघाला होता, म्हणाला बसा. रस्ताभर त्याने गावची हकिकत सांगितली. नळयोजनेचा नकाशा ग्रामसभेत मांडला गेला, कुणीतरी तो घडाघडा वाचून दाखवला आणि विचारलं, सगळ्यांना समजलं का? सगळ्यांनी हात वर केले. झाला ठराव.

“मी बी केला, बाई. पन डावा,” गजा म्हणाला आणि स्टिअरिंगवर थाप मारून हसला. “तुमची सवय, जाते व्हय?”

आता पाइप वाडीच्या खालीच येऊन थांबला होता आणि टाकी होती वर. नकाशात पहिल्यापासून तसंच होतं म्हणे. त्याची बायको अजून हंडा घेऊन चढ चढत होती.

“मग विचारलं का नाहीस रे, समजलं नव्हतं तर?”

गजाने गिअर बदलला. “इचारायचं कुटं शिकवलंत, बाई? हात वर करायचं शिकवलंत.”

त्याच्या बोलण्यात कडूपणा नव्हता. पाऊस थांबला असं सांगावं, इतक्या सहज तो बोलून गेला. बाई स्टेशनजवळ उतरल्या आणि भाजी न घेताच घरी गेल्या.

शुक्रवारी त्यांनी डब्यासाठी नेहमीपेक्षा दोन तांदळाच्या भाकऱ्या जास्त भाजल्या. शाळेत पोचल्या तर तिसऱ्या बाकावरची जागा रिकामी. सरांचा फोन गेला होता. समिती यायला अर्धा तास होता. बाईंनी पदर खोचला आणि तशाच नाक्यावर गेल्या.

मकसूदभाई पावाचे ट्रे उतरवत होते. बाईंना बघून ओशाळले. “सर म्हनले, आज ठेवा घरी. काय चुकलं का बाई तिचं?”

“तिचं काही चुकलेलं नाही. वेणी घालून पाठवा. मी इथेच थांबते.”

आणि त्या थांबल्या, उन्हात, घड्याळ न बघता.

समिती तीन खुर्च्यांवर स्थानापन्न झाली. तय्यबाला आत येताना बघून भोईर सरांचं हसू चेहऱ्यावर तसंच वाळलं. बाईंनी तोच प्रश्न लिहिला. चाळीस हात वर. समितीतल्या एका बाईंनी कौतुकाने लिहायला घेतलं.

“हात खाली घ्या,” शैलाबाई म्हणाल्या. मग समितीकडे वळून त्यांनी उजव्या-डाव्याची सगळी गोष्ट सांगून टाकली, मध्ये श्वासही न घेता. “ही पोरं खोटी नाहीत. त्यांना हे मी शिकवलंय. भिंतीवर सत्य रंगवलंय ते ती वाचतात, आणि करतात ते जे मी करून घेते. आज तसं होणार नाही.” परत मुलांकडे बघून म्हणाल्या, “ज्यांना येत नाही त्यांनी हात वर करा. कुठलाही.”

पहिला हात तय्यबाचा. मग खिडकीजवळचा एक. मग एकेक करत एकोणतीस. बाईंनी दहा-बारा धरले होते. त्यांनी पुन्हा मोजले. एकोणतीसच.

“बोल तय्यबा, काय अडतंय?”

“तिनातलं एक राह्यलं, बाई. चारातलं बी एकच राह्यलं. मग दोनी सारकंच ना?”

निम्म्या वर्गाने मान हलवली. म्हणजे सगळे एकाच जागी अडले होते आणि तोंड मिटून होते. बाईंनी डबा उघडला. एका भाकरीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार. प्रत्येकीतला एकेक तुकडा बाजूला ठेवून बाकीचे पुढच्या बाकावरच्यांना वाटून टाकले.

“भूक लागलीय. या राहिलेल्या दोनातला कुठला घेशील?”

“ह्यो. मोटा.” तिने तिनातला उचलला. मग तुकडा हातात धरून ती थांबली. “म्हंजी हितं जास्त राह्यलं. मंग हितलं कमी संपलं.”

“मग मोठा अपूर्णांक कुठला?”

“तीन चतुर्थांश!” उत्तर तिच्या मागच्या बाकावरून आलं, नंतर चहूकडून. तास संपला तेव्हा एकोणतिसांतले आठ अजून अडलेले होते. समिती उठून गेली तरी बाई त्या आठांपाशी बसून राहिल्या.

स्पर्धेची ढाल दुसऱ्या शाळेला गेली. बाईंच्या शाळेच्या गुणपत्रकावर ‘पूर्वतयारी अपुरी’ असा शेरा होता, आणि तो खोटा नव्हता. भोईर सर चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी, दुसरीकडेच बघत, विचारलं की ती भाकरीची रीत पाचवीला चालेल का. बाईंनी सांगितलं, चालेल, भाकरी तुम्ही आणा.

पुढच्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती. बाईंच्या पोटात कावळे ओरडत होते. तिसऱ्या बाकावरून हात वर आला, त्या तासात तिसऱ्यांदा. बाईंच्या कपाळावर आठी चढली. ती त्यांना स्वतःला जाणवली, आणि तय्यबालाही दिसली असणार. तरी हात खाली गेला नाही. तिच्या मागे आणखी दोन वर आले.

बाईंनी पुसलेला फळा पुन्हा एकदा बघितला आणि खडू उचलला.

“बरं. कुठून नाही कळलं? तिथून सांगते.”