अव्वाचं माप

"म्याडम, वर काय कुटून राहिल्या हो?"

घरमालकीण यशोदाबाई दारात उभ्या होत्या, कमरेला पदर खोचलेला. खाली त्यांचं स्वयंपाकघर आणि त्याच्या बरोबर वर माझी बैठकीची खोली. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, त्यातली मुलगी अजून उड्या मारत होती. मी दारापर्यंत आले तेव्हा मला श्वास पुरत नव्हता.

"व्यायाम करतेय, काकू."

"व्यायाम होय! मला वाटलं कांडप यंत्र बसवलं का काय. खाली पंखा हलून राहिला. चुन्याचा खपला पडला बघा वरणात." त्यांनी मला खालून वर, मग वरून खाली पाहिलं. नजर बुटांवर थांबली. "आन् हे लेकराचे बूट कामून घातले?"

"माझ्या मापाचे बायकांच्यात मिळत नाहीत."

"लाइट लागते का त्याला?"

मी टाच आपटली. लाल दिवा लागला. यशोदाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"चांगलंय. अंधारात सापडता तरी." जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून त्या पुन्हा वळल्या. "आई जाऊन महिना बी न्हाई झाला म्हणून इचारते. तुमच्यात सुतक नसतंय म्हणतात, खरंय का?"

"पाळत नाही आम्ही."

"मग मारा उड्या," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा होता की परवानगी, ते मला कळलं नाही.

दार लावून मी परत चटईवर आले. मोबाइलमधली मुलगी माझ्यासाठी थांबली नव्हती. "पोटाला सांगा, तुझा मुक्काम संपला!" ती ओरडत होती. तिचं पोट म्हणजे ताणून बांधलेलं कापड. दोन महिन्यांत नवं शरीर, असा तिचा वायदा होता. मी उडी मारली की माझ्यानंतर क्षणभराने माझं पोट उडी मारायचं, आणि मी जमिनीवर टेकल्यावर ते टेकायचं. दंडाखालचं मांस वेगळंच काही करत असायचं. घाम छातीखालच्या वळीत साचायचा आणि तिथून आंबलेल्या पिठासारखा वास यायचा. हा वास मला माहीत होता. लहानपणी मुखेडला अव्वाच्या, माझ्या आईच्या, कुशीत झोपले की हाच यायचा. तेव्हा तो मला आवडायचा.

नवरा भोकरच्या बँकेत, सकाळच्या गाडीने जातो. तो गेल्यावर मी हे सुरू करायची. कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर जायच्या आधी अंघोळ, आणि त्याआधी बहुतेक दिवशी मोरीत ओकारी. मोबाइलमधली मुलगी सांगायची ते व्हॅनिला वासाचं पांढरं पाणी मी नाक धरून प्यायचे आणि ते तसंच बाहेर पडायचं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. आतलं काहीतरी कमी होतंय, एवढं पुरे होतं.

कारण मला एकच गोष्ट हवी होती. माझी वेळ येईल तेव्हा माझ्यासाठी कुणाला थांबावं लागू नये.

*

अव्वा गेली ती गिरणीत. बाबांच्या मागे मुखेडच्या गल्लीतली पिठाची गिरणी तिनेच चालवली. त्या दिवशी लाइट आल्यावर रांग लागली होती. कुणाचातरी ज्वारीचा डबा चक्कीत ओतून ती बाकड्यावर बसली आणि उठली नाही. डबा संपला, चक्की रिकामी फिरत राहिली. रांगेतल्या बायकांना ती बंद कशी करायची ते माहीत नव्हतं. माझा धाकटा भाऊ संगमेश शेतातून येईपर्यंत दगडावर दगड घासत होता आणि अव्वा शेजारी बसलेली होती.

सबंध आयुष्य तिने उभ्याने काढलं. उभ्यानेच खायची. चक्कीच्या मागे, ऊन-ऊन भाकरी, कारळाची चटणी, वर तेलाची धार. मन लावून खायची, कुणापासून लपवायची नाही. रांगेतली एखादी म्हणायची, "गौराबाई, चक्की कोणची आन् तू कोणची, वळखू येईना की गं." अव्वा पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करायची. "तुमच्या समद्या गल्लीचं पीठ बसलंय माझ्या अंगावर. धुऊन बघा, आत बारीक पोरगी निघंल." रांग हसायची. अव्वा सगळ्यांत मोठ्याने.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून, फुलांनी सजवलेल्या विमानातून नेतात, आणि मातीतही बसलेलंच ठेवतात. खड्ड्याच्या एका अंगाला आत कोनाडा कोरलेला असतो, माणसाने मांडी घालून बसावं एवढा.

आमच्याच शेतात, बांधाच्या कडेला खड्डा खांदला होता. भजन चालू होतं. चौघांनी तिला खाली उतरवलं, आत संगमेश आणि आणखी दोघे होते. मग भजनातून मला खालचे आवाज ऐकू यायला लागले.

"बसंना की."

"खांदा अडकून राहिला."

"जरा कलतं करा."

"कलतं न्हाई करायचं, सरळ बसवायचं असतंय."

विधी सांगणाऱ्या स्वामींनी हात वर केला. अव्वाला परत बाहेर काढलं. विमानात बसवलं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात झेंडूचे हार, मान एका बाजूला गेलेली. ऊन होतं, म्हणून कुणीतरी तिच्यावर छत्री धरली. गावातल्या बायका, तिच्या रांगेतल्या बायका, तिच्याकडे बघत उभ्या होत्या. खाली टिकाव चालू झाला. वरून अव्वाचे भाऊ, आप्पासाहेबमामा, सांगत होते, "आनखी एक वीत कापा. न्हाई, वीतभरानं भागंना, चांगलं हातभर घ्या." भजनी मंडळी तेच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, कारण पुढचं कडवं माती लोटताना म्हणायचं होतं. मागे कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "दोघाची जागा लागती की हिला." आणि कुणीतरी नाकातून हसलं.

मला किळस आली. त्या हसणाऱ्याची आली असती तर बरं झालं असतं. मला अव्वाची आली. तिच्या दंडांची, हनुवटीखालच्या वळ्यांची, फुलांच्या हारांना पुरून उरणाऱ्या तिच्या छातीची. मी पुस्तकांत राहणारी बाई. मरणाविषयी माणसांनी काय काय लिहून ठेवलंय ते मला ठाऊक आहे. त्यातलं काहीही त्या बांधावर आठवलं नाही. मी फक्त माझ्या साडीच्या वरून माझं पोट चाचपलं. तेवढंच होतं.

अकराव्या दिवशी शिवगणाराधना झाली, म्हणजे अव्वाच्या नावाचं गावजेवण. जेवणात हुग्गी होती, गहू आणि गुळाची खीर, अव्वाला आवडायची तशी दाट. आप्पासाहेबमामांनी द्रोण पुढे केला. "आक्काला सांगून थकलो मी, जिभेवर ताबा ठेव म्हणून. खाण्यानंच गेली." वाढणाऱ्याला म्हणाले, "तूप घाल की रे, हात आखडू नको." त्यांच्या मिशीला हुग्गी लागली होती. ती तशीच घेऊन ते अव्वाच्या जिभेबद्दल बोलत होते. मग माझ्याकडे वळले. "महानंदा, तुझं बी आक्कावानीच व्हाय लागलंय हं. आत्ताच बघ."

मी पान तसंच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी नांदेडला घरी आले आणि बूट घेतले. दुकानदाराने बायकांच्या कपाटात बघितलं, मान हलवली, आणि मुलांच्या कपाटाकडे बोट केलं.

*

संगमेशचा फोन आला तेव्हा मी चटईवर उताणी पडले होते.

"अक्का, अव्वाच्या जागेवर चौथरा बांधायचाय. माती बसली आता. रविवारी ये. तू असल्याबिगर न्हाई बांधायचा."

"तू बांध ना. मला कशाला?"

"ये तू," एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी मुखेडच्या एसटीत शेजारची बाई मला बघून खिडकीला चिकटून बसली. मी आणखी आवरून बसले. संपूर्ण प्रवासात माझ्या मांड्या मी हातांनी धरून ठेवल्या होत्या, जणू त्या दुसऱ्या कुणाच्या आहेत आणि मला फक्त सांभाळायला दिल्यात. पायात तेच बूट. दुसऱ्या चपलांनी आता टाचा दुखत होत्या. ड्रायव्हरने ब्रेक मारला की माझे पाय जमिनीवर आपटायचे आणि सीटखाली लाल उजेड पडायचा.

संगमेश स्टँडवर आला होता. त्याला बघून मी आधी ओळखलंच नाही. गालफडं बसली होती, शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

"काय रे, जेवतोस का नाही?"

"जातच न्हाई," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

शेतात व्यंकट मिस्त्री विटांच्या ढिगावर बसून तंबाखू मळत होता. अव्वाच्या जागेवरची माती खाली बसली होती. समोरून बघितलं तर नीट आयताकृती, पण पूर्वेच्या अंगाला ती फुगून बाहेर आली होती. तिकडेच हातभर कापलं होतं.

व्यंकट उठून हात झटकत म्हणाला, "ताई, हे हिकडलं आलंय का न्हाई, हे बाजूला सारतो. ते मापात न्हाई धरायचं. चौथरा कसा चौकोनी, देखना होतंय. फक्त माप सांगा. रीतीनं पावलाचं घेऊ, का माझ्या हिशेबानं घेऊ?"

"पावलाचं म्हणजे?"

व्यंकटने संगमेशकडे बघितलं. संगमेशने जमिनीकडे.

"अक्का," तो म्हणाला, "माझ्यामुळं झालं ते."

"काय झालं?"

"खड्ड्याचं माप मीच दिल्तो. आपल्यात रीत हाय, जो गेला त्याच्याच पावलानं मोजायचं. लांबीला नऊ, रुंदीला पाच. मी सुतळी घेऊन अव्वाचं पाऊल मोजलं. खांदणारा म्हनला, मालक, पाऊल लई बारकं हाय, वाढवू का उलसं? मी म्हनलो, रीत हाय ती हाय. अव्वाच्या मातीत फरक नको." त्याचा आवाज फुटला. "तिचं पाऊल तर लेकराएवढं, अक्का. मला ध्यानातच न्हाई आलं. समद्या गावाला वाटलं अव्वा मावंना. मापच बारकं हुतं. मी घेतलेलं. तवापासून हातातला घास तोंडाजवळ नेला की ती छत्रीखाली बसलेली दिसती."

अव्वाच्या चपला आम्ही दोघं बाजारात मुलांच्या चपलांच्या ढिगातून शोधून आणायचो. एकदा तिच्यासाठी सशाचं चित्र असलेली चप्पल आणली होती, ती तिने झिजेपर्यंत वापरली. एवढ्याशा त्या पावलांवर ती चक्कीपाशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभी असायची.

ओकारीची सवय झालेलं पोट, मला वाटलं तीच येणार. आलं ते हसू. अव्वा असती तर तिने त्याच्या टाळक्यात मारली असती. पाय बघून अंगाचं माप काढतेत व्हय रे, गाढवा? मी ते मोठ्याने म्हणाले, तिच्याच सुरात. संगमेश दचकला. मग बांधावर बसून त्याने गुडघ्यांत तोंड घातलं. तो हसत होता की रडत होता ते मी बघितलं नाही. हात त्याच्या पाठीवर ठेवला. पाठीचं एक एक हाड लागत होतं.

व्यंकटने तंबाखू थुंकली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. नंतर खाकरला. "मग ताई, कसं करायचं? रीतीनं घ्यायचं तर ती सुतळी आणा."

"सुतळी तिच्यासंगंच ठेवली," संगमेश म्हणाला.

मग संगमेशची नजर माझ्या पायांकडे गेली. व्यंकटचीही.

मी बांधावर बसून बूट काढले. नाडी ओढताना टाच दगडाला लागली आणि दिवा एकदा लागून विझला. मोजे काढले. पावलं पांढरी पडली होती, बोटांना फोड आले होते. काळी माती ऊन होती. मी तिच्या जागेच्या एका टोकाला जाऊन उभी राहिले आणि टाचेला बोटं लावत मोजायला लागले. व्यंकट चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन मागे आला.

लांबीचं माप बरोबर आलं. माझं पाऊल तिच्याच मापाचं होतं.

मग मी रुंदीकडे वळले. हळूहळू, एकेक पाऊल, तोल सांभाळत. पाचवं पाऊल टेकलं तिथे जुना खड्डा संपत होता. त्याच्या पुढे ती फुगलेली माती होती.

"झालं, अक्का," संगमेश म्हणाला. "माप संपलं."

"ती संपली नाही," मी म्हणाले आणि पुढचं पाऊल लावलं. आणि त्याच्या पुढचं. माती जिथे खरंच संपत होती तिथे जाऊन थांबले. मागे वळून बघितलं तर व्यंकट वाकून, माझ्या टाचेपर्यंत, पांढरी रेघ ओढत आला होता.