गोळी कशाची?

आवाज मोठा म्हणून त्याचं नाव भोपू पडलं. कोर्टाच्या हुकमाने तो मनोरुग्णालयाच्या या कुलूपबंद वॉर्डात आला होता. तिथे दर मंगळवारी एक बाई त्याच्यासारख्यांचा गट घ्यायच्या. ज्यांना समजायला वेळ लागतो, त्यांना मनाचे आजार सोप्या शब्दांत सांगायचे, असा तो गट. त्या मंगळवारी बाई म्हणाल्या, "आपली गोळी कशासाठी आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे." भोपूने ते मनावर घेतलं. तिथेच त्याचं चुकलं. गटात शिकवतात ते गटापुरतंच असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

संध्याकाळी औषधाच्या खिडकीशी रांग लागली. रीत ठरलेली: गोळी तोंडात, वर पाणी, मग आ करून जीभ उचलून दाखवायची. भोपूने गोळी हातातच ठेवली.

"सिस्टर, ही कशाची?"

"तुझ्या भल्याची. गीळ."

"कशाची ते सांगा. मग गिळतो."

"रविवारची सुट्टी हवीय ना? मग मुकाट्याने घे."

 रविवारी भोपूला ताईच्या घरी जायचं होतं, भाचीला पहिल्यांदा बघायला. हे सांगून सांगून त्याने सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. तरी तो खिडकीवरून हलला नाही.

"मी नाही म्हणत नाही. विचारतोय," तो म्हणाला, आणि ते अख्ख्या वॉर्डाने ऐकलं.

गोळी मुठीतच विरघळली. औषध नाकारलं, अशी नोंद झाली आणि सुट्टी गेली. भोपू उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडला.

रविवारी ताईच आली, एकटी. तान्ह्या बाळांना आत सोडत नसत. भेटीच्या खोलीत बसल्या बसल्या तिने त्याला फैलावर घेतलं.

"नसत्या उचापती कुणी सांगितल्या होत्या? गपचूप गिळली असतीस, तर आज मांडीवर घेतली असतीस तिला!"

भोपूने नखं कुरतडली. मग म्हणाला, "ताई, तिला डॉक्टरकडे नेतेस?"

"नेते की."

"औषध कशाचं, ते विचारतेस?"

"विचारणारच! लेकराच्या पोटात काहीही कसं घालू?"

"मग तुझी सुट्टी रद्द करतात?"

 ताई उठून दारावरच्या पहारेकऱ्याकडे गेली. "डॉक्टरांना बोलवा. माझ्या भावाला कशाची गोळी देताय, ते कळल्याशिवाय मी जाणार नाही."

"भेटीची वेळ संपली, बाई."

ताईने चपला काढल्या आणि ती दारातच फरशीवर मांडी ठोकून बसली. भोपूही तिच्या शेजारी बसला.